पापड दुबईला निघाले, कागद तयार आहेत का?



गेल्या काही महिन्यांत चोपडा, यावल, शिरपूर अशा बाजूंच्या गटांमध्ये एकच प्रश्न मला फिरून फिरून ऐकू आला. "ताई, माझा भाचा दुबईला आहे. तो म्हणतो मावशी, शंभर पाकिटं पापड पाठव, मी इथे खपवतो. पाठवू का?" कुणाची लेक अमेरिकेत आहे, कुणाच्या जाऊबाईंचा मुलगा जर्मनीत. आपली बिबडी, उडदाचे पापड, कुरडया, केळीचे वेफर्स, काळा मसाला तिकडच्या मंडळींना हवा आहे आणि ते पैसेही द्यायला तयार आहेत. मग अडतं कुठे?

अडतं कागदावर. आणि कागदावर अडलं की नुकसान भाच्याचं होत नाही, गटाचं होतं. वीस किलो पापड म्हणजे उडीद, तेल, पापडखार, आठ जणींचे दोन दिवस आणि वरून टपालखर्च. ती पेटी मुंबईत किंवा तिकडच्या कस्टमवर अडकली तर कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून या अंकात कस्टमचा, म्हणजे सीमाशुल्क खात्याचा धडा. थोडा लांब आहे. बैठकीत दोन वेळा मिळून वाचा, एकदम नको.

आधी एक शंका दूर करू. बऱ्याच जणी विचारतात, पापडावर निर्यातीचा कर नाही, मग कस्टमचा संबंध काय? कर नाही हे खरं. पण देशाबाहेर काय जातंय, कोण पाठवतंय, किती किमतीचं आहे आणि त्याचे पैसे देशात परत येतायत का, हे बघायचं काम कस्टमचंच. कर शून्य असला तरी कागद शून्य होत नाही.

भेट की विक्री?

सगळ्यात पहिला प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच.

लेकीला तिच्या घरी खायला दोन किलो पापड पाठवले तर ती भेट. ती कोणीही पाठवू शकते, निर्यातीचा परवाना लागत नाही. पोस्टात सीएन २२ किंवा सीएन २३ नावाचा फॉर्म असतो. त्यात काय आहे, किती वजन, किती किंमत हे लिहायचं आणि 'भेट' या चौकोनात खूण करायची.

तेच पापड भाचा विकणार असेल तर ती निर्यात. मग पेटी दोन किलोची असो की दोनशे किलोची. इथे काही जण सल्ला देतात, "भेट म्हणून लिहून टाका, कोण बघतंय." कुरियरवाले एजंटही सर्रास असं सांगतात. माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला ऐकू नका. एकसारखी पन्नास पाकिटं, प्रत्येकावर लेबल, एमआरपी, गटाचं नाव, आणि फॉर्मवर लिहिलंय 'भेट'. एक्स-रेमध्ये ते दिसतं. कस्टम्स कायदा १९६२ मध्ये ११४एए नावाचं कलम आहे. जाणूनबुजून खोटी माहिती असलेला कागद दिला तर मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. चार हजाराच्या मालाला वीस हजार. गटाच्या वर्षभराच्या बचतीचा हिशेब करून बघा.

शिवाय भेट म्हणून गेलेल्या मालाचे पैसे बँकेत आले तर बँक विचारणार, हे कशाचे? तेव्हा दाखवायला बिल नसतं. पैशांचं पुढे सांगते.

किंमत कमी दाखवणं हाही त्यातलाच प्रकार. तिकडे कर कमी बसावा म्हणून चार हजाराचा माल चारशेचा लिहायचा. पेटी हरवली तर भरपाई कोणत्या किमतीवर मागणार?

निर्यात कोणाच्या नावावर?

विकायचंच ठरलं, तर पहिला कागद म्हणजे आयईसी. आयात-निर्यात करणाऱ्याचा हा दहा आकडी क्रमांक. १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याप्रमाणे तो असल्याशिवाय व्यापारी माल देशाबाहेर पाठवता येत नाही. केंद्र सरकारच्या डीजीएफटी या खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज होतो, फी ५०० रुपये. पॅन, पत्त्याचा पुरावा, बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश, चालू मोबाइल नंबर आणि ईमेल एवढं लागतं. आयईसीचा क्रमांक पॅनचाच असतो. एजंट यासाठी पाच-सहा हजार मागतात असं ऐकते. सायबर कॅफेवाल्याला फॉर्म भरायचे शंभर-दोनशे द्या, पण पाच हजार देऊ नका.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवायच्या. पहिली, नाव. आपल्याकडे पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, 'बाई' लावून. गावात चालतं, इथे नाही चालत. अर्ज करण्याआधी तिन्ही ठिकाणचं नाव एक करून घ्या. महिना-दोन महिने त्यातच जातात, म्हणून ते काम आजपासून सुरू करा, ऑर्डर आल्यावर नाही. दुसरी, दर वर्षी एप्रिल ते जून या काळात संकेतस्थळावर जाऊन आयईसीची माहिती बरोबर आहे एवढी खात्री करावी लागते. बदल नसला तरीही. त्याला फी नाही, पण केलं नाही तर क्रमांक बंद पडतो आणि पेटी पोस्टातून परत येते.

आता, आयईसी गटाच्या नावाने मिळेल का? आपला बचत गट बहुधा कुठल्या कायद्याखाली नोंदलेली संस्था नसतो. आयईसी मिळते ती एकट्या मालकिणीला, भागीदारीला, कंपनीला, नोंदणीकृत संस्थेला किंवा ट्रस्टला. म्हणून वाटा तीन. गटातल्या एकीने स्वतःच्या नावाने घ्यायची. किंवा नोंदणी झालेली उत्पादक कंपनी वा संघ असेल तर त्याच्या नावाने. किंवा तिसरी वाट, आपण आयईसी घ्यायचीच नाही. माल इथल्या इथे निर्यातदाराला विकायचा आणि पुढचे सगळे कागद त्याच्या नावावर. याला मर्चंट एक्स्पोर्टर म्हणतात.

एकीच्या नावाने घेतली तर गटात आधी ठराव लिहा. पैसे तिच्या खात्यात येणार, उत्पन्न तिच्या पॅनवर दिसणार, आणि चूक झाली तर नोटीसही तिलाच. हे तिला आणि तिच्या घरच्यांना माहीत असलं पाहिजे. रक्कम आल्यावर किती दिवसांत गटाकडे वळती करायची ते ठरावात आकड्याने लिहा. विश्वास आहे म्हणून लिहायचं नाही, असं करू नका. विश्वास टिकावा म्हणूनच लिहायचं.

तिसऱ्या वाटेला कमी समजू नका. लिज्जत पापड आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेली श्री महिला गृह उद्योग ही संस्था. त्यांचे पापड कितीतरी देशांत जातात, पण निर्यात होत आली आहे ती मर्चंट एक्स्पोर्टरमार्फतच. पापड लाटणं हे एक काम आणि बंदरावरचे कागद सांभाळणं हे दुसरं. एवढ्या मोठ्या संस्थेला हे वेगळं ठेवणं परवडतं, तर आपण पहिल्याच वर्षी दोन्ही अंगावर घ्यायची काय घाई? भाव थोडा कमी मिळेल. पण पैसे रोख आणि माल अडकला तर डोकेदुखी त्याची.

पापड सोपा, मसाला अवघड

कोणता पदार्थ कोणाच्या अखत्यारीत येतो ते बघायला हवं. शेतमाल आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांसाठी अपेडा नावाची सरकारी संस्था आहे. १९८५ चा तिचा कायदा. त्याच्या यादीत लोणची, पापड आणि चटण्या असा चक्क स्वतंत्र उल्लेख आहे. संसदेच्या कायद्यात आपला पापड आहे, हे वाचून मला फार गंमत वाटली होती! म्हणजे व्यापारी प्रमाणावर पापड पाठवणाऱ्याने अपेडाकडे नाव नोंदवायचं. तिचं नोंदणीपत्र मिळतं.

मिरची, हळद, मसाले मात्र मसाला मंडळाकडे, म्हणजे स्पाइसेस बोर्डाकडे. तिथली नोंदणी वेगळी. मसाल्याची तपासणीही जास्त कडक. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतातल्या दोन नामवंत कंपन्यांच्या काही मसाल्यांवर कारवाई केली, कारण त्यात इथिलीन ऑक्साइड हे रसायन सापडल्याचं म्हणणं होतं. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं हे होतं. आपली मिरची अंगणात वाळवलेली, डंकावर कुटलेली. चवीत कोणी हात धरणार नाही, पण बुरशीचं आणि फवारणीचं प्रमाण प्रयोगशाळेतून तपासून घेतल्याशिवाय परदेशी विक्रीच्या भानगडीत पडू नये. माझा सल्ला, सुरुवात पापडाने करा, मसाला नंतर.

खाद्यपदार्थ आहे म्हणजे एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक हवाच. पण गावातल्या विक्रीसाठी घेतलेली छोटी नोंदणी आणि निर्यातदाराचा केंद्रीय परवाना हे दोन वेगळे प्रकार आहेत. अर्ज करताना 'निर्यात' हा प्रकार निवडावा लागतो. मर्चंट एक्स्पोर्टरला माल देत असाल तर तो त्याचा परवाना बघेल, तुमची नोंदणी मात्र चालू असली पाहिजे.

आणि माल पाठवायची आज परवानगी आहे का, हेही बघायचं. धुळ्याच्या ताईंना कांद्याचं सांगायला नको. ७ डिसेंबर २०२३ ला रात्रीतून निर्यातबंदीचा आदेश निघाला आणि ती बंदी उठली ४ मे २०२४ ला. पापडावर असं काही नाही, पण डीजीएफटीच्या यादीत वस्तूसमोर 'मुक्त' लिहिलंय का, हे ऑर्डर घेतानाच बघायची सवय लावा.

आठ आकड्यांचा कोड

पोस्टातला माणूस विचारेल, एचएस कोड काय? घाबरू नका. जगात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला आकड्यांचं एक नाव दिलेलं आहे. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे, पुढचे दोन आपल्या देशाचे. पापडाचा कोड आहे १९०५ ९० ४०. त्यातला १९ म्हणजे धान्य-पिठाच्या पदार्थांचं प्रकरण. शेवया १९०२ मध्ये येतात. ताजी केळी ०८०३ मध्ये, कारण आठवं प्रकरण फळांचं. मिरची ०९०४, कारण नववं प्रकरण मसाल्यांचं. वेफर्स तळले की ते फळाच्या प्रकरणातून बाहेर पडतात, त्यामुळे त्यांचा कोड निर्यातदाराकडून किंवा सीएकडून एकदा पक्का करून घ्या.

कोड का महत्त्वाचा? तिकडचा अधिकारी मराठी वाचत नाही. 'बिबडी' म्हणजे काय, त्याला कसं कळणार? तो कोड बघतो, त्यावरून कर लावतो आणि हा पदार्थ आत येऊ द्यायचा की नाही ते ठरवतो. आणि मालाचं वर्णन लिहिताना नुसतं 'खाद्यपदार्थ' किंवा 'घरगुती सामान' लिहू नका. 'ज्वारीचे पापड, न तळलेले, २०० ग्रॅमची ५० पाकिटं' असं इंग्रजीत लिहून घ्या.

बिल कसं करायचं

समजा दहा किलो उडीद पापड दुबईला चाललेत. किलोला ४०० रुपये धरले तर ४००० रुपये. बिलावर, म्हणजे इनव्हॉइसवर, एवढं हवं: पाठवणारीचं नाव आयईसीवर आहे अगदी तसंच, घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि मोबाइल, बिल नंबर, तारीख, मालाचं वर्णन, कोड, पाकिटं किती, निव्वळ वजन, पेटीसकट वजन, दर, एकूण रक्कम आणि कोणत्या चलनात.

तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा. आपण ०५/०६ लिहितो ते पाच जून, अमेरिकेत ते सहा मे वाचतात. पत्त्याचंही तसंच. दुबईत आपल्यासारखा पिनकोड नाही, पीओ बॉक्स क्रमांक असतो आणि तो नसेल तर निदान चालू मोबाइल नंबर पाहिजेच. भाचा खोली बदलतो, नंबर बदलतो आणि पेटी महिनाभर तिकडच्या पोस्टात पडून राहते.

जीएसटीबद्दल दोन वाक्यं. निर्यातीवर जीएसटी शून्य असतो, पण करपात्र माल निर्यात करणाऱ्याला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. पापडावर मुळात जीएसटी नाही, त्यामुळे जी फक्त पापडच विकते तिला ही अट लागत नाही. पापडासोबत वेफर्स ठेवलेत की चित्र बदललं. तेव्हा सीएला विचारूनच पुढे जा.

पोस्टातून पेटी

छोट्या मालाला पोस्ट मला सगळ्यात बरं वाटतं. २०२२ पासून टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत, देशभरात हजाराच्या वर. आपल्या जवळचं कोणतं, ते तालुक्याच्या पोस्टात विचारलं की सांगतात.

इथे सीएन फॉर्म नाही, तर पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट भरायचं. आपण त्याला निर्यातीचं टपाल-बिल म्हणू. डिसेंबर २०२२ च्या नियमांपासून ते ऑनलाइन भरता येतं. आयईसी, कोड, वजन, किंमत, बिल नंबर सगळं त्यात. पेटी केंद्रावर द्यायची. ती मुंबईच्या विदेश डाकघरात जाते. तिथला कस्टम अधिकारी तुमचा फॉर्म संगणकावर बघतो, पेटी एक्स-रेखालून जाते. शंका आली तर उघडतात. पटलं की निर्यातीचा हुकूम देतात आणि पेटी विमानात. तुम्हाला मुंबईला जावं लागत नाही. एजंट लागत नाही. म्हणजे तुमच्या वतीने बोलायला तिथे फक्त तो कागद असतो.

अधिकारी काय ताडून बघतो? फॉर्मवरचं वजन आणि काट्यावरचं वजन. बिलावरची पाकिटं आणि पेटीतली पाकिटं. एका गटाने पेटी भरताना उरलेल्या जागेत मायेने चार पाकिटं तिळाच्या चटणीची टाकली, फॉर्मवर फक्त पापड. पेटी परत आली. जाऊन-येऊन सहा आठवडे, निम्म्या पापडांचा चुरा. पेटीत जागा उरली तर कागद कोंबा, चटणी नको.

टपालखर्चाचं आधी गणित करा. दहा किलोचा खर्च बऱ्याचदा मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. तो कोण भरणार हे भाच्याशी बोलून, मोबाइलवर लिहून घ्या. "बघू नंतर" यावर पेटी पाठवू नका.

तिकडचं दार

आपल्याकडून पेटी सुटली म्हणजे झालं, असं वाटतं. खरी परीक्षा तिकडच्या दारावर असते. प्रत्येक देशाचे नियम वेगळे. सगळे इथे मावणार नाहीत, पण आपल्या गटांचा माल जिथे जातो तिथलं सांगते.

दुबई, म्हणजे संयुक्त अरब अमिराती. खसखस तिथे बंद आहे. नुसती महाग किंवा परवान्यावर नाही, बंद. अमली पदार्थात धरतात, कारण ती अफूच्या बोंडातली. सौदी अरेबिया आणि सिंगापूरमध्येही तेच. आता आपला काळा मसाला आठवा. खोबरं, धने, मिरची आणि खसखस. हा मसाला भेट म्हणूनही दुबईला पाठवू नका आणि जाणाऱ्याच्या बॅगेतही देऊ नका. सापडलं तर तुरुंगात जाण्याची वेळ येते ती तुमच्या भाच्यावर. त्याला मसाला द्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा करा आणि भांडी, डंकही आधी साफ करून घ्या.

युरोपीय संघाचे देश, म्हणजे जर्मनी, फ्रान्स वगैरे. घरगुती पार्सलमधून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे चालत नाहीत. पेढे, खव्याची बर्फी पाठवू नका. भेटवस्तू ४५ युरोपर्यंत असेल तरच करातून सूट, विकत घेतलेल्या मालावर तर १ जुलै २०२१ पासून अगदी लहान पाकिटावरही व्हॅट लागतो. घेणाऱ्याला हे आधी सांगा. पेटी दारात आल्यावर पोस्टमन पैसे मागतो, तो चिडून घेत नाही आणि नाव आपलं खराब होतं.

अमेरिका. विकायचे खाद्यपदार्थ पाठवायचे तर बनवणाऱ्या जागेची तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी लागते आणि पेटी पोचण्याआधी तिची आगाऊ सूचना द्यावी लागते. आपल्या घरात केलेला पदार्थ आपणच आपल्या माणसाला भेट पाठवला तर मात्र आगाऊ सूचनेची अट नाही. लेकीला पापड पाठवायला म्हणून अडचण येत नाही आणि विकायला येते. फरक तिथे आहे. करांचे नियमही तिथे बदलत असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये लहान पार्सलांची करमाफी त्यांनी काढून घेतली, तेव्हा आपल्या टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलंच थांबवली होती. ती १५ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा सुरू झाली. दिवाळी तोंडावर आलेली. फराळाचे डबे तयार ठेवून बसलेल्यांचं काय झालं असेल! म्हणून अमेरिकेची पेटी बांधण्याआधी त्या आठवड्यात पोस्टात विचारा, मागच्या वर्षी गेली होती म्हणून आताही जाईल असं धरू नका.

लेबलचा एक मुद्दा सगळ्यांसाठी. ज्यांना काही पदार्थांची ॲलर्जी असते त्यांच्यासाठी तो घटक लेबलवर लिहावाच लागतो. अमेरिकेच्या यादीत असे नऊ घटक आहेत. त्यात गहू आहे, शेंगदाणे आहेत आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळही आले. तुम्ही म्हणाल, आमच्या उडदाच्या पापडात गहू कुठला? हिंगाची डबी उलटी करून वाचा. बाजारातल्या बांधणी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. म्हणजे तुमच्या पापडात गहू आहे. पापडखारही घटकांत लिहायचा, तो बऱ्याच जणी विसरतात.

तांदलवाडीची केळी कशी गेली

हे सगळं मोठ्या लोकांचं काम, असं वाटत असेल तर रावेर तालुक्यातलं तांदलवाडी आठवा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. ते तिथल्याच निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावे नोंदलेलं आहे. आणि जून २०२१ मध्ये याच गावातल्या शेतकऱ्यांची २२ टन जीआय केळी दुबईला रवाना झाली. अपेडाने ती बातमी दिली होती.

ताज्या फळाला पापडापेक्षा जास्त कागद लागतात. रोपांचे, फळांचे रोग-किडी देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र काढावं लागतं. त्यालाच फायटो म्हणतात. माल समुद्रातून जातो, म्हणून टपाल-बिलाऐवजी शिपिंग बिल. ते बहुधा कस्टम ब्रोकर भरतो. केळी कच्ची तोडून, धुऊन, पेट्यांत भरून साधारण १३-१४ अंशांच्या थंड कंटेनरमध्ये न्हावाशेवा बंदराकडे. कागद एक दिवस उशिरा आला तर पापड थांबू शकतो, केळी थांबत नाही. सोबत मूळ देशाचं प्रमाणपत्रही काढतात. हा माल भारतातच तयार झाला असं ते सांगतं. अमिरातीशी आपला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, त्यामुळे करारात बसणाऱ्या मालाला या कागदावर करात सवलत मिळते.

मला यातलं एक महत्त्वाचं वाटतं. २२ टन एका शेतकऱ्याचे नव्हते. अनेकांनी सारख्या दर्जाचा माल एकत्र केला आणि कागद मात्र एका नावावर गेले. आपल्या प्रभागातल्या दहा गटांचे पापड एकाच जाडीचे, एकाच पाकिटात, एकाच लेबलखाली आले तर निर्यातदार स्वतःहून फोन करेल. पाच गटांचे पाच आकाराचे पापड घेऊन त्याच्याकडे गेलात तर तो चहा पाजून परत पाठवेल.

पैसे आले, पुढे?

परदेशातून येणारी रक्कम बँकेतूनच घ्यायची. रक्कम आली की बँक विचारते, कशासाठी? 'मालाची निर्यात' असं सांगायचं, बिलाची आणि टपाल-बिलाची प्रत द्यायची आणि बँकेकडून रक्कम आल्याचा दाखला मागून घ्यायचा. तो फाइलला लावायचा.

संघाच्या किंवा संस्थेच्या खात्यावर परदेशी पैसा येणार असेल तर आणखी जपा. परदेशातून देणगी घेण्यासाठी एफसीआरए हा कडक कायदा आहे. विकलेल्या मालाची किंमत ही देणगी नाही, कायदा ते स्पष्ट सांगतो. पण ती मालाचीच किंमत आहे हे दाखवणार कशाने? बिलाने. 'भेट' लिहून पाठवलेल्या पेटीचे पैसे संघाच्या खात्यात आले तर नेमकं हेच दाखवता येत नाही. वर म्हटलं होतं ना, पुढे सांगते म्हणून. ते हे.

ज्या गटांकडे परदेशातून खरोखर मागणी आहे त्यांनी पुढच्या प्रभाग बैठकीला या वस्तू आणाव्यात: पदार्थाचं एक बंद पाकीट लेबलसकट, घटकांची यादी (हिंगाची डबीसुद्धा आणा), एफएसएसएआयचा कागद, ज्या ताईच्या नावाने काम करायचं तिचं पॅन, आधार आणि पासबुक, आणि मागणी करणाऱ्याचा मोबाइलवरचा मेसेज. नावं जुळतात का ते तिथेच बघू, एक नमुना बिल तिथेच भरू. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा उद्योग केंद्रातही निर्यातीबद्दल मार्गदर्शन मिळतं. चार-पाच गट तयार झाले तर आपण एकत्रच जाऊन येऊ. बाजाराचा दिवस सोडून तारीख ठरवा आणि मला कळवा.